पर्सनल ट्रेनर व्हायचंय? सर्टिफिकेटचं नाव बघण्याआधी त्यामागची परीक्षा बघा

बारावी झाली, दोन-चार वर्षं नेमाने व्यायाम केला, अंगावर मेहनत दिसू लागली की जिममधलं कुणीतरी म्हणतंच, "अरे, तू ट्रेनर का होत नाहीस?" तिथून शोध सुरू होतो आणि पहिल्याच संध्याकाळी मोबाइलवर जाहिरातींची रांग लागते. आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, मास्टर ट्रेनर डिप्लोमा, दोन वीकेंडमध्ये कोर्स, नोकरीची हमी. फी पाच हजारांपासून लाखाच्या पुढे. यातलं घ्यायचं काय?

आपल्याकडे पर्सनल ट्रेनर म्हणून काम करायला सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टरांची किंवा वकिलांची जशी परिषद असते आणि तिथे नोंदणी करावी लागते, तसं इथे काही नाही. उद्या सकाळी कुणीही गळ्यात शिट्टी अडकवून लोकांना डेडलिफ्ट शिकवू शकतो. त्यामुळे सर्टिफिकेट देणाऱ्यावरही फारसा वचक नाही, आणि चांगलं-वाईट ओळखायचं काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून नवीन मुलामुलींना मी एकच सांगतो: लोगो, देशाचं नाव, जाहिरातीतला हिरो हे सगळं बाजूला ठेवा आणि विचारा, हा कागद हातात देण्याआधी हे लोक माझी परीक्षा कशी घेणार आहेत? कागदाची सगळी किंमत त्या उत्तरात असते.

पहिली पायरी: काम कुठे करायचं ते आधी ठरवा

सर्टिफिकेट नोकरीसाठी घ्यायचं असेल, तर नोकरी देणाऱ्याला काय चालतं हे आधी विचारायला हवं. हे इतकं उघड आहे, तरी बहुतेक जण पैसे भरून झाल्यावर विचारतात. तुमच्या शहरातल्या दोन-तीन बऱ्या जिममध्ये दुपारी, गर्दी नसताना जा. फिटनेस मॅनेजरला भेटा आणि सरळ विचारा, "सर, फ्लोअर ट्रेनर घेताना तुम्ही कुठली सर्टिफिकेट बघता? पीटी क्लायंट द्यायला काय लागतं?" (फ्लोअर ट्रेनर म्हणजे जिममध्ये सगळ्यांवर लक्ष ठेवणारा, पीटी म्हणजे एकेकाचं पर्सनल ट्रेनिंग.) माणसं मोकळेपणाने सांगतात. नाशिक, कोल्हापूर, लातूरसारख्या ठिकाणी मालक आधी तुम्हाला फ्लोअरवर उभं करून बघेल, कागद नंतर. मुंबई-पुण्यातल्या साखळी जिममध्ये ओळखीच्या संस्थेचं नाव लागतं, शिवाय प्रात्यक्षिक मुलाखतही असते.

परदेशी जायचं असेल तर गणित वेगळं. दुबईत आणि एकूणच अमिरातीत काम करायचं तर 'रेप्स यूएई' या ट्रेनरांच्या नोंदवहीत नाव असावं लागतं, त्यामुळे आपला कोर्स त्यांना चालतो का ते त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचं. ब्रिटनमध्ये पातळ्यांची पद्धत आहे: लेव्हल २ म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर, लेव्हल ३ म्हणजे पर्सनल ट्रेनर, आणि तिथल्या व्यवसायाची मानकं 'सिम्स्पा' ही संस्था ठरवते. अमेरिकेतही सरकारी परवाना नाही, पण चांगल्या जिम 'एनसीसीए'ची मान्यता असलेलं सर्टिफिकेट मागतात. एनसीसीए स्वतः कोर्स चालवत नाही. परीक्षा नीट घेतली जाते की नाही, एवढंच ती तपासते.

दुसरी पायरी: कुठला कागद कशासाठी, ते समजून घ्या

इथे फार गोंधळ होतो. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, शाळा-कॉलेजात क्रीडाशिक्षक होण्यासाठी. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय ही यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा, म्हणजे ज्याला सगळे 'एनआयएस' म्हणतात, तो एखाद्या खेळाचा प्रशिक्षक होण्यासाठी. योग शिकवायचा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. हे तिन्ही आदराचे मार्ग आहेत. फक्त पन्नाशीतल्या माणसाला जिममध्ये वजनं उचलायला शिकवायची तयारी त्यात ओघानेच होईल, असं धरून चालू नका.

पर्सनल ट्रेनिंगसाठी आपल्यासमोर मुख्यतः तीन वाटा राहतात.

एक, सरकारी कौशल्य चौकटीतली. क्रीडा, शारीरिक शिक्षण, फिटनेस आणि लीजर या क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, तिला 'स्पेफल' म्हणतात. तिची 'फिटनेस ट्रेनर' ही पात्रता राष्ट्रीय कौशल्य चौकटीच्या चौथ्या स्तरावर बसते. फी तुलनेने कमी, मूल्यमापनात लेखीबरोबर प्रात्यक्षिकही. केंद्र चांगलं मिळालं तर ही वाट अजिबात कमी समजू नका. मात्र केंद्राकेंद्रात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दोन, खासगी भारतीय संस्था. मुंबईतली के-इलेव्हन हे यातलं जुनं नाव. वर्गात बसून शिकायचं, जिममध्ये हात लावून सराव करायचा, शेवटी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, असा यांचा साधारण बाज असतो. या प्रकारात उत्तम संस्थाही आहेत आणि निव्वळ दुकानंही.

तीन, अमेरिकन संस्था: एसीई (ACE), नॅझम (NASM), एसीएसएम (ACSM), एनएससीए (NSCA), इस्सा (ISSA). पुस्तक आणि अभ्यास ऑनलाइन, परीक्षा संगणकावर.

तिसरी पायरी: परीक्षा तपासा

अमेरिकन परीक्षांबद्दल आपल्याकडे आदर खूप आणि माहिती कमी. एसीईच्या परीक्षेत १५० बहुपर्यायी प्रश्न, तीन तास, आणि ८०० पैकी ५०० गुणांना पास. नॅझममध्ये १२० प्रश्न, दोन तास. एनएससीएच्या ट्रेनर परीक्षेत १५५ प्रश्न, त्यातले काही व्हिडिओ किंवा चित्र बघून सोडवायचे. परीक्षेवर निरीक्षकाची नजर असते, पुस्तक उघडता येत नाही, आणि नीट अभ्यास न केलेला माणूस हमखास नापास होतो. या परीक्षांचा दबदबा आहे तो याचसाठी.

इस्साच्या बाबतीत एक गोष्ट नीट विचारून घ्या. तिची नेहमीची परीक्षा घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून देता येते. निरीक्षकासमोर द्यायची एनसीसीए-मान्य परीक्षा वेगळी आहे. दोन्हींना बोलताना लोक सर्रास 'इस्सा सर्टिफाइड' म्हणतात, पण दोन्हींचं वजन एक नाही. नॅझमनेही आता निरीक्षकाशिवायचा पर्याय ठेवला आहे. त्यामुळे कुठल्याही संस्थेच्या विक्री प्रतिनिधीला नेमकं विचारा: "मी जे पैसे भरतोय त्यात निरीक्षकासमोरची परीक्षा आहे की नाही?" उत्तर लेखी घ्या.

आणि यातली उणीवही ओळखून असा. या सगळ्या परीक्षांत कुणीही तुम्हाला एखाद्या माणसाला स्क्वॉट शिकवताना बघत नाही. योग्य पर्यायावर क्लिक करता आलं की झालं.

म्हणजे नेमकं काय राहून जातं ते सांगतो. समजा प्रात्यक्षिक परीक्षेत तुमच्यासमोर ४८ वर्षांच्या एक काकू उभ्या आहेत. त्या स्क्वॉटला बसतात. अर्ध्यात टाचा जमिनीवरून उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, श्वास कोंडतो. पुस्तकात या प्रत्येक चुकीचं कारण छापलेलं आहे आणि ते पाठही असतं. पण परीक्षक बघतो ते पुढचं. तुम्ही लगेच त्यांचे गुडघे धरायला धावता, की आधी "काकू, गुडघ्यात दुखतंय का?" असं विचारता? एका दमात सहा सूचना देता, की मागे बेंच सरकवून "यावर हळूच टेका आणि उठा" एवढंच सांगता? हात लावण्याआधी परवानगी मागता का? बेंचवर टेकून उठायला सांगितलं की टाचा बहुतेक वेळा आपोआप जमिनीवर राहतात, कारण पडायची भीती गेलेली असते. ही समज माणसं बघून बघूनच येते, आणि ज्या संस्थेत परीक्षक समोर उभा राहून हे तपासतो तिथे ती शिकवलीही जाते.

म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा फक्त काउन्सेलरच्या केबिनमध्ये बसू नका. चालू बॅचचा प्रात्यक्षिक तास बघायला मागा. मागे उभे राहा आणि किती मुलं प्रत्यक्ष हात चालवतायत आणि किती नुसती उभी आहेत ते बघा. एका शिक्षकामागे चाळीस मुलं असतील तर तुमचा स्क्वॉट कुणी बघणार नाही, तुम्ही दुसऱ्याचा सुधारायला शिकणं तर दूरच. नापास झालेल्यांचं काय होतं हेही विचारा. "आमच्याकडे कुणी नापास होत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणाहून नमस्कार करून निघा.

चौथी पायरी: अभ्यासक्रमात आपल्याकडची माणसं आहेत का?

कोर्स निवडताना हा प्रश्न फारच थोडे जण विचारतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जिममध्ये येणारा क्लायंट म्हणजे जाहिरातीतला तरुण नव्हे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पीटीचे पैसे भरणारा वर्ग बराचसा चाळीशी-पन्नाशीतला. 'शुगर', 'बीपी' आणि गुडघे या तीन गोष्टी तुमच्याकडे रोज चालत येणार.

अमेरिकन पुस्तकात कमरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांसाठी १०२ सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८८ दिलेली असते. भारतीयांसाठी ती ९० आणि ८० धरतात. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याचंही तसंच. तिकडे २५ च्या पुढे जादा वजन, आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा. कारण आपल्या अंगकाठीत वजन कमी दिसलं तरी पोटाभोवती चरबी जास्त असते. पुस्तकातला आकडा घोकून आलेला ट्रेनर ९६ सेंटिमीटर घेराच्या माणसाला "तुम्ही एकदम नॉर्मल" म्हणून मोकळा होईल.

दुसरं उदाहरण सकाळच्या सहाच्या बॅचचं. क्लायंट मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो किंवा इन्सुलिन घेतो, आणि 'रिकाम्या पोटी चरबी जास्त जळते' असं ऐकून न खाता आलाय. विसाव्या मिनिटाला त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. नवख्या ट्रेनरला वाटतं, मस्त वर्कआउट चाललाय. प्रत्यक्षात रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी व्यायाम थांबवून ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यायचं असतं. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही न घालता थेट दवाखाना. किंवा बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखं औषध चालू असलेला माणूस घ्या. त्याची नाडी औषधामुळेच फारशी वाढत नाही. तिथे '२२० वजा वय' हे जास्तीत जास्त ठोक्यांचं सूत्र लावून ठोके गाठायला लावणं धोक्याचं. "बोलताना दम लागतोय का" हे बघत तीव्रता ठरवावी लागते.

संस्थेला विचारा: व्यायामाआधीची आरोग्य प्रश्नावली भरून घ्यायला शिकवता का? मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, ज्येष्ठ नागरिक यांच्यावर किती तास आहेत? उत्तरात 'तो ॲडव्हान्स मॉड्यूलचा भाग आहे, वेगळी फी' असं आलं तर समजून घ्या की मूळ कोर्स फक्त निरोगी तरुणांसाठी बेतलाय.

पाचवी पायरी: सीपीआर

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन त्याला वाचवायचा प्रयत्न. हे टाळू नका आणि व्हिडिओ बघूनही शिकू नका. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे वाचायला सोपं आहे. पुतळ्यावर दोन मिनिटं सलग देऊन बघा, मनगटं बोलायला लागतात. बहुतेक मोठ्या अमेरिकन संस्थांना वैध सीपीआर प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रत्यक्ष सरावाचं हवं, नुसतं ऑनलाइन चालत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचे कोर्स मोठ्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत होतात, कार्ड दोन वर्षं चालतं.

सहावी पायरी: पूर्ण खर्च मांडा

जाहिरातीतली फी ही सुरुवात असते. कागद घ्या आणि खाली-खाली लिहा: फी १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, पुस्तकं, परीक्षा फी वेगळी आहे का, नापास झालात तर पुन्हा बसायचे किती, सीपीआरचे किती, आणि दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरणाचे किती. डॉलरमध्ये भरणार असाल तर कार्डाचा विनिमय आकार धरा. परदेशी संस्था वर्षभर कसली ना कसली सवलत देतच असतात, त्यामुळे "आज रात्री बारापर्यंतच" या फोनला घाबरून पैसे भरायची काहीच गरज नाही.

हप्त्यांबद्दल विशेष सावध राहा. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून जो फॉर्म भरून घेतात, तो पुष्कळदा तुमच्या नावावरचा वित्त कंपनीचा कर्ज करार असतो. कोर्स आवडला नाही म्हणून सोडलात तरी हप्ते चालूच राहतात आणि थकले तर तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे बँकेच्या लेखी तुमची पत, खाली येतो. पुढे बाइकसाठी कर्ज घ्यायला गेलात की ते आठवतं. सहीआधी विचारा: पैसे संस्थेला देतोय की कर्ज घेतोय? मध्येच सोडलं तर परतावा किती? 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील तर मागच्या बॅचमधल्या चार जणांशी बोलायला मागा. चांगली संस्था लगेच बोलणं करून देते.

सातवी पायरी: भाषा आणि अभ्यास

मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथे उगाच माघार घेतात. मोठी पुस्तकं इंग्रजीत आहेत, हे खरं. पण त्यातलं इंग्रजी साहित्याचं नाही. तेच तीन-चारशे शब्द पुन्हापुन्हा येतात. हाडांची, स्नायूंची, हालचालींची नावं एकदा बसली की पानं भराभर सरकतात. सुरुवात अकरावीच्या जीवशास्त्रातल्या हाडं आणि स्नायूंच्या प्रकरणापासून करा, मग ट्रेनरचं पुस्तक उघडा. प्रत्येक स्नायू वाचताना तो स्वतःच्या अंगावर हात लावून शोधा आणि वजन घेऊन हलवून बघा. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवतो आणि कंबरेचा सांधा मागेही नेतो, हे वाक्य रोमानियन डेडलिफ्ट करताना कळतं तसं वाचून कळत नाही. तालमीत किंवा मल्लखांबावर वाढलेल्या मुलांना इथे मोठा फायदा असतो, शरीर त्यांना आधीच माहीत असतं. वर्ग कुठल्या भाषेत चालतो आणि तोंडी परीक्षा मराठीत किंवा हिंदीत देता येते का, हे प्रवेशाआधी विचारायला लाजू नका. क्लायंटशी तर तुम्हाला मराठीतच बोलायचं आहे.

मग नेमकं घ्यायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात काम करणार असाल तर पहिलं सर्टिफिकेट प्रत्यक्ष वर्गाचं घ्या, प्रात्यक्षिक परीक्षा असलेलं. खासगी असो वा स्पेफलचं, पण स्वतः जाऊन, तास बघून निवडलेलं केंद्र. त्यानंतर वर्षभर फ्लोअरवर काम करा. नाना तऱ्हेची माणसं हाताखालून जाऊ द्या. मग पैसे जमवून एसीई, एसीएसएम, एनएससीए किंवा नॅझम यांपैकी एकाची निरीक्षकासमोरची परीक्षा द्या. तोवर तुम्हाला पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नामागे एखादा चेहरा दिसायला लागलेला असेल आणि अभ्यास निम्म्या वेळात होईल. लवकरच परदेशी जायचंय, त्यांनी क्रम उलटा केला तरी चालेल, पण मग एखाद्या अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली काही महिने उभे राहाच. खेळाडूंसोबत काम करायचं स्वप्न असेल तर एनएससीएचं सीएससीएस (CSCS) हे वेगळं सर्टिफिकेट आहे, त्याला आधी पदवी लागते.

कुठलाही कागद घेतलात तरी त्याने काय करायची मुभा मिळत नाही, हेही त्याच दिवशी समजून घ्या. आजारावरचा आहार लिहून देणं आहारतज्ज्ञांचं काम आणि दुखापतीवर उपचार फिजिओथेरपिस्टचं. हे दोन्ही व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली आले आहेत. निरोगी माणसाला डाळ, अंडी, दही वाढवा, पाणी नीट प्या असं सांगणं वेगळं, आणि किडनीच्या रुग्णाला प्रोटीन पावडर सुचवणं वेगळं. स्टेरॉइडच्या बाबतीत तर चर्चाच नको. ती डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आहेत, आणि सीनियर ट्रेनर ती विकत असेल तर ती जिम सोडा.

शेवटी फॉर्म भरताना एक बारीक काळजी. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधार आणि पासपोर्टवर क्रम वेगळा असू शकतो, लग्नानंतर मुलींचं नावही. परीक्षेची नोंदणी तुम्ही त्या दिवशी दाखवणार असलेल्या ओळखपत्रावरच्या नावाने अक्षरशः तशीच करा, नाहीतर दारातूनच परत पाठवतात आणि फी बुडते. पास झाल्यावर सर्टिफिकेटवरचा क्रमांक किंवा क्यूआर कोड संस्थेच्या नोंदवहीत स्वतः तपासून बघा, आणि नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. एसीईला दोन वर्षांत २० तासांचं पुढचं शिक्षण लागतं, एसीएसएमला तीन वर्षांत अशा शिक्षणाचे ४५ क्रेडिट. पहिले काही तास मधुमेह आणि ज्येष्ठांच्या व्यायामावर घाला. फ्लोअरवर त्यांचीच आधी गरज पडते.